दिवा लावू नका

जकात नाक्यावरचा कारकून कानिफनाथ तालमीत मांडी घालून बसला होता. मिशी अजून जागेवर होती, ती प्रयोगाच्या आदल्या दिवशी उतरायची होती. कानावर अर्धी विडी होती, उपरण्याचा पदर करून तो त्यानं डोक्यावरून घेतला होता आणि मांडीवर मुलीच्या जागी एक तेलकट उशी होती. उशीवरून हात फिरवत, समोर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे न बघता तो म्हणाला, "दिवा लावू नका. अंधार आहे तोवर ती निजलीय असं म्हणता येईल." म्हटलं तसं वाईटच. 'अंधार'वर उगाच जोर दिला आणि शेवटाला आवाज इतका चिरका काढला की कोपऱ्यातला पेटीवाला हसला. पण मागच्या भिंतीशी तुरीच्या पोत्यावर बसलेले माधवराव भाळवणीकर हसले नाहीत. ते ताडकन उभे राहिले. हे वाक्य त्यांच्या बायकोचं होतं. आठ वर्षांपूर्वी तिन्हीसांजेला, त्यांच्या स्वतःच्या घरात, मधल्या खोलीत दमयंती ते बोलली होती आणि ते ऐकायला माधवरावांखेरीज त्या खोलीत जिवंत माणूस कोणी नव्हतं.

दाळमंडईतल्या गोदामावरची ती खोली. रविवारची दुपार. खाली दुकानं बंद होती, तरी डाळीची भुकटी हवेत होतीच. माधवरावांनी चपला हातात घेतल्या आणि लाकडी जिना उतरले. वर नवऱ्याचं काम करणारा काहीतरी बोलायला लागला होता, त्याचा नुसता घोगरा आवाज जिन्यात येत होता, शब्द कळत नव्हते. रस्त्यावर येऊन त्यांनी चपला घातल्या तेव्हा कळलं की उजवी डावीत गेली आहे. तेवढ्यात कानिफनाथ धावत खाली आला. पदर तसाच डोक्यावर. "रावसाहेब, ओ रावसाहेब! रागावून चालला का? आमी काय चोरी न्हाई केली. मास्तरांनी सोता दिलंय नाटक." माधवरावांनी विचारलं, "कुठल्या मास्तरांनी?" तरी त्यांना ते ठाऊक होतं. वर बसल्या बसल्या दोन वाक्यांतच त्यांनी लिहिणाऱ्याचा हात ओळखला होता. "शामकांत मास्तर हो, श्रीगोंद्याचे. हँडबिलात माझं नाव टाकू नका म्हनले, म्हनून न्हाई टाकलं. आन तुमाला तर अजाबात सांगू नका म्हनले." एवढं बोलून कानिफनाथानं जीभ चावली. मग उपरणं खांद्यावर घेतलं आणि पुन्हा पुरुष होऊन, ओशाळं हसत तो जिना चढून गेला.

माधवराव नाटककारांचे मुखत्यार होते. त्यांच्या कार्डावर तसं छापलेलं होतं. जिल्हाभर मात्र त्यांना 'परवानगीवाले' म्हणत आणि म्हणताना आवाज जरा खाली घेत. नाटक कोणीही बसवावं, पण बसवण्याआधी लिहिणाऱ्याला विचारावं, एवढी साधी गोष्ट लोकांच्या गळी उतरवण्यात त्यांची हयात चालली होती. नाटककार बिचारे पुण्यात, संगमनेरात, श्रीगोंद्यात बसून लिहायचे आणि इकडे घोडेगावच्या बाजारात बैल विकून मोकळी झालेली मंडळी तेच नाटक नाव बदलून, नायकाला एक धाकटा भाऊ जोडून, शेवटी पोवाडा घुसडून खुशाल उभं करायची. माधवराव कधी सांगून जात नसत. डोक्याला मुंडासं गुंडाळून बत्तीच्या उजेडाबाहेर, मागे बायकापोरांत बसायचे. दोन वाक्यं ऐकली की नाटक कोणाचं ते सांगायचे आणि अंक संपला की पडद्यामागे जाऊन उभे राहायचे. ही विद्या त्यांना एका फिरत्या कंपनीत मिळाली होती. विशीत ते तिथे प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसून दुसऱ्यांना शब्द पुरवायचे. बोलपटांनी कंपनी बुडवली. नगरच्या मुक्कामात तिचे पडदे, मुकुट आणि लाकडी सिंहासन झेंडीगेटच्या गनीभाईनं घेतलं. माधवराव नगरातच राहिले, कारण त्यांच्या डोक्यात भरलेली नाटकं कोणी विकत घेणार नव्हतं. त्यातून हा धंदा निघाला. या धंद्यात माणूस संशयी होतो असं म्हणतात, ते खोटं आहे. संशय हाच मुळी धंदा. घोडेगावचा पाटील हात जोडून 'या, बसा' म्हणाला की माधवराव आधी त्याच्या मागचा पडदा बघायचे.

नटांच्या नकला करायचं काम घरी दमयंतीकडे असे. अख्खं नाटक कोणाच्या हातात द्यायचं नाही, दिलं की ते पळालंच म्हणून समजा, हा माधवरावांचा नेम. ज्याला त्याला ज्याची त्याची नक्कल. म्हणजे त्याची भाषणं आणि दर भाषणाआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, तोंड कधी उघडायचं हे कळण्यापुरते. बाईच्या भूमिकेची नक्कल सगळ्यांत आधी व्हायची, कारण बाईचं काम करणाऱ्या बाप्याला पाठांतराला वेळ फार लागे. शामकांत तर कित्येकदा नाटक पुरं व्हायच्या आतच कागद आणून टाकायचा आणि 'वहिनी, बाईचं तेवढं सुरू करा' म्हणायचा. दमयंतीचं अक्षर मोठं, सुटं होतं. 'वहिनींच्या हातची नक्कल मिळाली की पोरगा अर्धा बाई होऊनच येतो,' असं शामकांत एकदा पाटावर बसून, वरणभात कालवता कालवता म्हणाला होता. दमयंती तेव्हा आत हसली होती. माधवरावही हसले होते. आज दाळमंडईच्या कोपऱ्यावर उभं राहून त्यांनी ते हसणं पुन्हा ऐकलं आणि त्यांना वाटलं, आपण त्या दिवशी पाटावर नाही, मागे मुंडासं गुंडाळून बसायला हवं होतं.

शोभा भाद्रपदात गेली. विषमज्वर. पाच वर्षांची होती. डॉक्टर येऊन गेले होते आणि त्यांच्या निघण्यावरूनच कळलं होतं की ते पुन्हा येणार नाहीत. शेजारच्या मुक्ताबाई कोणाकोणाला बोलवायला गेल्या होत्या. खोलीत तिघं होती. मग एका क्षणी, नक्की कोणत्या ते दोघांनाही सांगता आलं नसतं, दोघंच उरली. बाहेर तिन्हीसांज झाली. सवयीनं माधवराव कोनाड्यातल्या दिव्याकडे गेले, काडी काढली आणि मागून दमयंती ते वाक्य बोलली. रडली नाही. नेहमीच्या आवाजात बोलली. माधवरावांनी काडी ओढली नाही. काहीतरी बोलायला हवं होतं, तिच्याजवळ बसायला हवं होतं. पण इतकी वर्षं विंगेतून दुसऱ्यांना शब्द देणाऱ्या माणसाच्या तोंडात एक शब्द येईना. ते तसेच बाहेर गेले आणि माणसं येईपर्यंत ओट्यावर उभे राहिले. हातातली काडी त्यांनी मोडून मोडून अगदी बारीक केली होती, हे त्यांना पुढे कितीदा तरी आठवलं.

खरं सांगायचं तर त्या एका वाक्यावर माधवरावांनी पुढची आठ वर्षं संसार केला. घरात बोलणं असं राहिलंच नव्हतं. मीठ संपलं, पत्र आलं, मी उद्या मिरजगावला जातो, एवढंच. दुसरं मूल झालं नाही. दमयंती सगळं वेळेवर करायची, पण त्यांच्या नजरेला नजर द्यायची नाही. दिली तरी लगेच काढून घ्यायची. माधवरावांना वाटायचं, दुःख आहे, असायचंच. त्यांना स्वतःला ते वाक्य पुरत होतं. सर्व्हिस मोटारीत, सरकारी विश्रामगृहाच्या ओसरीवर, कुठल्यातरी गावी पडदा वर जायची वाट बघताना ते मनातल्या मनात ते म्हणायचे. मोठ्यानं कधी नाही. आयुष्यभर खोटं रडणं ऐकलेला माणूस तो. कुठला नट कुठे हुंदका घेणार हे त्यांना आधी कळायचं. त्यात हे एक वाक्य खरं होतं, आणि ते त्यांच्या घरचं होतं, आणि त्यावर कोणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती. असं बोलणारी बाई आपली बायको आहे याचा त्यांना अभिमान होता. मुलीच्या मरणावेळच्या वाक्याचा अभिमान वाटतो याची लाजही वाटायची, पण अभिमान जात नसे.

आणि ते वाक्य शामकांताकडे गेलं. कसं गेलं? तिनं सांगितल्याशिवाय गेलं नाही. माधवराव कापडबाजारातून चालत होते आणि एकेक गोष्ट पुढे ओढून तपासत होते, घोडेगावची मंडळी तपासावी तशी. शामकांतानं लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं? त्याला नोकरी होती, घर होतं, त्याच्या नाटकांतल्या बायका इतक्या खऱ्या असायच्या की प्रेक्षकांतल्या बायका डोळे पुसायच्या. तो बायका कुठे बघत होता? बोरांच्या दिवसांत श्रीगोंद्याहून बोरं पाठवायचा, ती माधवरावांना खोकल्यामुळे चालायची नाहीत. मग कोणासाठी? एखादी बाई आपल्या पोरीच्या मरणाची गोष्ट परपुरुषाला सांगते तेव्हा ती त्याच्याशेजारी किती जवळ बसलेली असते? पुढचं चित्र डोळ्यांसमोर यायला लागलं तसे ते एका कल्हईवाल्याच्या दुकानासमोर थांबले आणि उगाचच एका पातेल्याची किंमत विचारून पुढे गेले. त्यांना सगळ्यांत जास्त झोंबत होतं ते वेगळंच होतं. तिनं आणखी काही दिलं असतं तर कदाचित त्यांनी सोसलं असतं, निदान सोसण्याचा प्रयत्न केला असता. पण ते वाक्य तिनं द्यायला नको होतं. ते दोघांचं होतं. आता ते जकात नाक्यावरच्या कारकुनाच्या तोंडात होतं आणि पेटीवाला त्यावर हसला होता.

झेंडीगेटपाशी गनीभाई आपल्या दुकानात दरबाराचा पडदा जमिनीवर पसरून उंदरांनी कुठे कुठे खाल्लाय ते बघत होते. "या या माधवराव. सिंहासनावर बसा, दुसरी जागाच न्हाई. च्या सांगू?" माधवराव बसले. चहा नको म्हणाले. इकडचं तिकडचं बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, पण तोंडातून सरळ निघालं, "शामकांत मास्तर आला होता काय इकडे?"

"आल्ते की. झाले असतील पंदरा-वीस दिवस. बायकी टोप पायजे हुता येक, लांब केसाचा. कुनासाठी ते न्हाई बोलले."

"मी गावात नव्हतो का तेव्हा?"

"न्हाई ना. मी सोता सांगितलं त्यांना, माधवराव मिरजगावला गेल्यात. ते म्हन्ले, ठावं हाय मला." गनीभाईंनी दरबाराच्या खांबाला पडलेल्या भोकातून बोट बाहेर काढलं आणि त्याच्याकडेच बघत म्हणाले, "मंग तुमच्याच घराकडं वळले. का? काय झालं?"

"काही नाही."

"चेहरा तसा दिसत न्हाई," गनीभाई म्हणाले. चौदा वर्षांची ओळख. त्यांनी पडदा बाजूला सारला. "माधवराव, येक बोलू? मास्तर लई सरळ मानूस हाय. तुमाला सगळं जग नाव बदलून आल्यावानी दिसतंय." माधवराव उठले. हा का एवढी बाजू घेतो, असं त्यांच्या मनात आलं. याला काय ठाऊक आहे? झेंडीगेटात गनीभाईला ठाऊक आहे, दाळमंडईत कानिफनाथाला ठाऊक आहे, आणि आपण सिंहासनावर बसून चहा नको म्हणतोय.

ते मोटार स्टँडवर गेले. श्रीगोंद्याची सर्व्हिस लागलेली होती, कोळशाच्या गॅसवर चालणारी ती खटारा मोटार लढाई संपून वर्ष झालं तरी अजून तशीच होती आणि ड्रायव्हर तिची भट्टी पेटवत होता. माधवराव आत जाऊन बसले. शामकांतासमोर उभं राहायचं आणि विचारायचं, पडद्यामागे जाऊन विचारतो तसं. शामकांत काय म्हणेल हे त्यांनी मनात लिहायला घेतलं. एकदा तो रडला. एकदा हसला. एकदा म्हणाला, 'हो, मग?' यातलं कुठलंही उत्तर ऐकून आपण परतीच्या मोटारीत कसे बसू हे काही त्यांना ठरवता येईना. एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन शेजारी टेकली, भट्टीचा धूर आत आला, आणि मोटार हलायच्या आत माधवराव उतरले.

घरी आले तर दमयंती नेहमीसारखी होती. हेच पहिलं संशयास्पद वाटलं. जेवताना ते तिच्याकडे बघत राहिले. पोळी वाढताना हात कापत नव्हता. आपण इतक्या नट्या आणि नट बघितले, चोरी पकडली गेल्यावर घोडेगावचा नायकसुद्धा असा स्थिर उभा राहिला नव्हता, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, ही काही लपवत नाहीये. मग वाटलं, ही फार चांगलं लपवते आहे. हातावर पाणी घेता घेता ते म्हणाले, "शामकांताचं नवीन काही आलं नाही बरेच दिवसांत."

"लिहीत असतील," दमयंती म्हणाली.

"इकडे आला होता का मध्ये?"

ती ताट उचलत होती. ते तिनं पुन्हा खाली ठेवलं, ताटातली वाटी उगाच सरळ केली आणि म्हणाली, "नाही."

गनीभाई तर तो याच घराकडे वळला म्हणाले होते. आतापर्यंत त्यांना वाटत होतं की आपल्याला खात्री आहे. खात्री कशाला म्हणतात ते आता कळलं. दोन दिवस ते घरात मागे, उजेडाबाहेर बसल्यासारखे बसले. दमयंती कोणत्या दाराकडे बघते, पोस्टमन आल्यावर कशी उठते, मुक्ताबाईंशी काय कुजबुजते हे बघायचं. ती मुक्ताबाईंशी भोपळ्याच्या वेलाविषयी कुजबुजत होती. शेवटी त्यांना स्वतःचीच किळस आली, पण बघणं सुटेना. आणि इतकं बघितल्यावर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, ती त्यांना नको होती. दमयंतीचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. हे कधी झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या अंगणात उन्हाला बसून रेशनचे तांदूळ निवडत होती. माधवराव दारात उभे राहिले. कसं सुरू करायचं ते पाठ करून आले होते, ते सगळं विसरले.

"कानिफनाथाच्या मांडीवर उशी होती," ते म्हणाले.

"कोण कानिफनाथ?"

"जकात नाक्यावरचा. दाळमंडईत तालीम चाललीय त्यांची. तो बाईचं काम करतो. त्यानं तुझं वाक्य म्हटलं."

तांदळातला तिचा हात थांबला. "कुठलं?"

आता ते मोठ्यानं म्हणणं भाग होतं. माधवरावांनी म्हटलं. कानिफनाथाहून वाईट म्हटलं, मध्येच आवाज बसला, घसा खाकरून उरलेलं पुरं करावं लागलं. ती घाबरेल, नाकारेल, रडेल, अशी त्यांची अटकळ होती. त्यातलं काही झालं नाही. फार दिवस ज्याची धास्ती घेतली ते एकदाचं दारात आलं म्हणजे माणूस जसा खाली बसतो तशी ती बसल्या जागी सैल झाली.

"म्हणजे बोलणार आहात तुम्ही त्याबद्दल," ती म्हणाली. "आठ वर्षांनी का होईना."

"तू शामकांताला सांगितलंस ते."

"मी? त्यांना?" तिला खरोखर उमगलं नव्हतं. "मी कशाला सांगू? त्यांचंच आहे ते."

"काय त्यांचं आहे?"

"वाक्य. 'वत्सला'तलं. मिरजगावकरांसाठी म्हणून आणलं होतं बघा, शोभा गेली त्याच वर्षी, उन्हाळ्यात. मिरजगावकरांना हसवणारं पाहिजे म्हणून तुम्ही परत पाठवलंत. पण बाईची नक्कल मी तोवर करून ठेवली होती. बाईची आधी करायची असते ना." ती थांबली. "आता निराळं नाव ठेवलंय म्हणाले."

माधवरावांना ते नाटक आठवलं. म्हणजे त्याचं आवळून बांधलेलं गाठोडं आठवलं, लाल दोरा आठवला, आणि 'रडकं नको रे बाबा' असं आपण हसत म्हटलेलं आठवलं. "मी ते वाचलं नव्हतं," ते म्हणाले.

"तुम्ही सगळी वाचता."

"ते नाही वाचलं. उघडलंच नाही."

दमयंतीनं सूप बाजूला ठेवलं. ती त्यांच्याकडे बघू लागली आणि या वेळी तिनं नजर काढून घेतली नाही. "म्हणजे त्या दिवशी तुम्हाला कळलंच नव्हतं?"

"काय कळायचं?"

"की मी नाटकातलं बोलतेय." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मला वाटलं तुम्ही ओळखलंत. तुम्ही दोन वाक्यांत ओळखता. म्हणूनच उठून गेलात असं वाटलं मला. पोर मांडीवर आणि ही बाई पाठ केलेलं म्हणतेय, याची तुम्हाला शिसारी आली असं वाटलं. आठ वर्षं तुम्ही माझ्याकडे बघितलंत की मला तेच दिसायचं. मी म्हणायची, कधीतरी बोलतील, कधीतरी रागावतील. तुम्ही तेही केलं नाहीत."

माधवराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. ज्या एका गोष्टीवर कोणाची परवानगी लागत नव्हती ती शामकांताची होती. पहिल्या दिवसापासून होती. त्यांना शामकांताचा राग आला, आणि मग तो राग बाळगायला काही जागाच नाही हे कळून आणखी वाईट वाटलं. आपण मोटारीत बसून, ओसरीवर बसून जे मनात म्हणत आलो ते दुसऱ्याच्या नाटकातलं एक बरं वाक्य होतं. "पण तू का म्हटलंस ते?" त्यांनी विचारलं. आरोपीला विचारावं तसं त्यांना विचारायचं नव्हतं, पण तसंच निघालं.

"माझं मला काही सुचेना हो," दमयंती म्हणाली. "तुम्ही काडी काढलीत. उजेड झाला की तिचा चेहरा दिसणार होता. तुम्हाला थांबवायचं होतं मला, आणि तोंडात शब्दच नव्हता. ते पाठ होतं, ते आलं. दुसरं काही असतं तर दुसरं दिलं असतं. नक्कल करताना शोभा शेजारी बसलेली असायची, शाईत बोट बुडवायची. मी तिला रागे भरले होते. नंतर वाटायचं, मीच ते लिहून घरात आणलं." तिनं पदरानं हात पुसले, तांदळाची भुकटी लागलेले. "शामकांतभावजी मध्ये आले होते, ते विचारायलाच. मुलगी जाते त्या नाटकात, तुम्हाला त्रास होईल म्हणून इतकी वर्षं त्यांनी बाहेर काढलं नाही. आता कारकून मंडळी मागे लागलीत, देऊ का म्हणाले. मी म्हटलं द्या. ते म्हणाले, माधवला एवढ्यात कळू देऊ नका, मीच येऊन सांगेन. म्हणून मी तुम्हाला नाही म्हटलं. खोटं बोलले."

अंगणात चिमण्या सुपाकडे सरकायला लागल्या होत्या. त्यांना हाकलायचं दोघांनाही सुचलं नाही. दमयंती काहीतरी विचारू की नको असं करत होती. मग तिनं विचारलं.

"पुढे तो काय म्हणतो?"

"कोण?"

"नवरा. ती तसं म्हणाल्यावर. तेव्हा शेवटचं पान त्यांनी आणलंच नव्हतं. नवऱ्याचं उत्तर सुचत नाही म्हणाले होते, सुचलं की पाठवतो, तोवर बाईची होऊन जाऊ दे. माझी नक्कल तिथेच संपते. मध्ये आले तेव्हा त्यांना विचारणार होते मी. पण धीर झाला नाही, का विचारता म्हणाले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं. आता नाटक उभं राहतंय म्हणजे सुचलं असेल ना त्यांना काहीतरी. तुम्ही तर तिथे होतात. काय म्हणतो तो?"

माधवरावांच्या डोक्यात अशा वेळी नवऱ्यानं म्हणायची पुष्कळ वाक्यं होती. देवाला दोष देणारी होती, धीर देणारी होती, गळ्यात पडून म्हणायची होती. कोणतं कोणाचं तेही त्यांना ठाऊक होतं. त्यातलं एखादं शामकांताच्या थाटात वळवून म्हटलं असतं तर तिला कळलंही नसतं. तोंड उघडलं होतं त्यांनी.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही. तू– तो ते म्हणाला आणि मी उठून आलो."

"पुन्हा?" दमयंती म्हणाली.

एवढंच म्हणाली. चिडून नाही. पण ते बोलता बोलता तिचा चेहरा मोडला आणि आठ वर्षांत नवऱ्यासमोर न रडलेली ती बाई रडायला लागली. तोंडाला पदर न लावता, वेडंवाकडं, नाकातून पाणी येत, कुठल्याही नटाला जमणार नाही असं. माधवरावांनी सूप आणखी लांब सरकवलं आणि ते तिच्याशेजारी, सांडलेल्या तांदळांवरच, जमिनीवर बसले. ऊन चढलं, मुक्ताबाईंनी कुंपणापलीकडून दोनदा हाका मारल्या, तरी ते तिथून उठले नाहीत.